बाळाची वाढ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी दहा महिन्यांची आहे. सहाव्या महिन्यात वजन 7.2 किलो होतं, आता 7.6 आहे. अंगावर पिते. शिवाय तीनदा नाचणी सत्त्वाची पेज आणि वरणाचं पाणी देते. अंगणवाडीच्या तक्त्यावर ती हिरव्या पट्ट्यातच आहे, पण सेविकाताई काळजीत आहेत. सासूबाई म्हणतात, दात येताहेत म्हणून असं होतंय. कोणाचं खरं मानू?
— एक आई, संगमनेर

उत्तर : ताईंचं. पट्टा हिरवा असला तरी रेघ आडवी झाली आहे, आणि तक्त्यात खरं बघायचं ते हेच. सहाव्या महिन्यात मुलींचं मधलं वजन 7.3 किलो असतं, दहाव्यात 8.5. तुमची मुलगी आधी मधल्या रेघेजवळ होती, आता बरीच खाली आली आहे. पट्टा बदलेपर्यंत थांबलात तर फार उशीर होईल. दात येताना बाळ दोनचार दिवस कमी खातं, पण त्यामुळे चार महिने वजन अडत नाही.

आधी वजन पुन्हा करून घ्या. काटा तोच हवा आणि शून्यावर आणलेला. लंगोट, स्वेटर, वाळे काढून ठेवा. ओल्या लंगोटासकट वजन केलं तर शंभर-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते.

आकडा तोच आला, तर अडचण बहुधा पेजेत आहे. या वयाचं पोट जेमतेम एका वाटीचं, आणि ते पाण्यानंच भरतंय. वरणाच्या पाण्यात डाळ जवळजवळ नसतेच. गाळून काढलेल्या सत्त्वात पिठूळपणा उरतो, कोंड्यातलं बरंच कॅल्शियम आणि लोह चोथ्याबरोबर जातं. त्यापेक्षा नाचणीला मोड आणा, सुकवा, मंद भाजा आणि दळून अख्खं पीठ वापरा.

आता जेवण असं द्या : मऊ भात आणि घट्ट डाळ कुस्करून अर्धी वाटी (साधारण 125 मिली), वर एक छोटा चमचा तूप किंवा तेल. चमचा तिरका केला तरी घास ओघळता कामा नये. असं दिवसातून तीन-चारदा. मध्ये केळं, उकडलेलं अंडं किंवा दाण्याचं बारीक कूट घातलेली लापशी. तुपानं कफ होतो या भीतीनं ते टाळू नका, चमचाभर तुपातून 45 कॅलरी मिळतात. अख्खे दाणे मात्र घशात अडकतात, ते देऊ नका, आणि वर्षाच्या आत मधही नको. अंगावर पाजणं चालू ठेवा, पण जेवणाच्या अगदी आधी नको. आशाताईंकडून लोहाचं औषध घ्या, आठवड्यातून दोनदा 1 मिली.

महिन्याभरात निदान 200 ग्रॅम वाढायला हवेत. तेवढे वाढले नाहीत तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि लघवीची तपासणी सुचवा. लघवीतला जंतुसंसर्ग ताप नसतानाही वजन अडवतो. दंडाचा घेर 12.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली, तर महिनाभर थांबू नका, लगेच दाखवा.

प्रश्न : मुलाची उंची 23व्या महिन्यात 86 सेंटिमीटर होती, 25व्यात 86.6. वाढ खुंटली का?
— एक वडील, चिपळूण

उत्तर : पहिलं माप बहुधा निजवून घेतलेलं असेल, दुसरं उभं करून. दोन वर्षांपर्यंत निजवून मोजतात, पुढे उभं करून, आणि उभं माप साधारण 0.7 सेंटिमीटर कमी भरतं. म्हणजे तो सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढला, दोन महिन्यांना ते ठीक आहे. तीन महिन्यांनी पुन्हा उभा करूनच मोजा, टाचा भिंतीला टेकवून.