आवाज गेला म्हणजे डिफरन्शियल सुधारलं असं नाही

प्रश्न असा होता: "जळगावला राहतो. जुनी निसान ३७०झेड घेतली आहे. आधीच्या मालकाने तिला प्लेटवालं १.५-वे एलएसडी बसवलं होतं, कागद काहीच नाहीत. वर्षातून तीन-चारदा कोइम्बतूरला कारी स्पीडवेवर नेतो. पूर्वी पार्किंगमध्ये वळवताना मागून कटकट व्हायची, ती आता बंद झाली. पण वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतंच फिरतं आणि जोरात ब्रेक मारला की मागचा भाग वळवळतो. वर्कशॉपवाले म्हणतात पूर्ण डिफरन्शियल बदला. खरंच बदलावं लागेल का?"

भाऊ, बहुतेक नाही. पण उघडायच्या आधी मोजून घ्या. नवख्यांसाठी एवढंच: डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांत वाटणारा आणि वळणात त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, आणि एलएसडी म्हणजे एकच चाक मोकळं भिरभिरू न देणारा त्याचा प्रकार.

मी धुळ्याचा. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग आमच्या गावात एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकच्या डिफरन्शियल हौसिंगचं (बाहेरच्या कवचाचं) काम घरात वडिलांपासून आहे. मध्ये सहा वर्षं मी कोइम्बतूरला एका रेसिंग टीमच्या गॅरेजात फक्त गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल उघडत-बांधत होतो. तुमच्या प्रश्नातली एक ओळ वाचूनच मी लिहायला बसलो: "कटकट बंद झाली." लोक याला चांगली खूण समजतात. प्लेटचं डिफरन्शियल हळू, पूर्ण वळणावर कटकटतं, कारण आतल्या प्लेट एकमेकींना धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. हा आवाज चांगल्या तब्येतीचा आहे. कुणी नवीन तेल किंवा घर्षण कमी करणारं औषध घातलेलं नसताना तो आपोआप गेला, तर प्लेटांनी धरणं सोडलं आहे.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत पावसाळ्यात ट्रॅक्टरचं एक चाक काळ्या मातीत रुतलं की तेच भिरभिर फिरतं आणि कोरड्यातलं चाक ढिम्म उभं राहतं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि चिखलातलं चाक जेवढा जोर घेतं तेवढाच दुसऱ्याला मिळतो. मग शेतकरी लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं एक होतात, ट्रॅक्टर निघतो, आणि वळायच्या आधी तो पाय काढतो. ट्रॅकवर ताशी शंभरच्या वेगात असं पेडल दाबत बसता येत नाही. हीच अडचण १९३० च्या दशकात ऑटो युनियन या जर्मन कंपनीच्या ग्रां प्री रेसिंग गाडीला आली. ताकद इतकी की एक मागचं चाक भरधाव वेगातही सुटायचं. फर्डिनांड पोर्श यांनी १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडून त्यावर मर्यादित घसरणारं डिफरन्शियल, म्हणजेच एलएसडी, करून घेतलं.

तुमच्या डिफरन्शियलच्या पोटात दोन प्रेशर रिंगा आहेत. त्यांच्यामधल्या खाचांत स्टार पिनियनची (मधल्या छोट्या गिअरांची) आडवी पिन बसते आणि त्या खाचांच्या कडा उतरत्या असतात. ॲक्सिलरेटर दिला की पिन त्या उतारावर चढते, रिंगा बाजूला ढकलल्या जातात आणि दोन्हीकडच्या प्लेटांचे थर दाबले जातात. उतार ४५ अंशांचा असेल तर दाब जास्त, ६० चा असेल तर कमी, ९० म्हणजे दाबच नाही. १.५-वे म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर आणि ब्रेकवरही थोडं लॉक होतं, पुढे जाताना होतं तेवढं नाही. ब्रेक मारताना मागची दोन चाकं एकमेकांना थोडी बांधलेली राहतात, म्हणून गाडी सरळ बसते. तुमची वळवळते आहे, म्हणजे ते बांधणं गेलं आहे.

आता मुख्य मुद्दा. वळणात आतलं चाक हलकं होतं, कधी जवळजवळ उचललं जातं. त्या चाकाने जोर घेतलाच नाही तर पिनवरही जोर येत नाही, मग ती उतारावर चढणार कशी? शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. म्हणून आत बशीसारख्या स्प्रिंगा घालतात. त्या प्लेटांना कायम थोड्या दाबून ठेवतात आणि सुरुवातीची पकड त्यांचीच असते. प्लेट झिजून पातळ झाल्या की थर ढिला पडतो, स्प्रिंगांचा ताण उतरतो, आणि सगळ्यात आधी हीच पकड जाते. ती एका दिवसात जात नाही. तुम्ही नकळत ॲक्सिलरेटर उशिरा द्यायला लागता, मग ट्रॅकच्या फेरीची वेळ वाढली तर टायरला दोष देता.

मोजायचं असं. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना दोन्हीकडून भक्कम अडण, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक उचला, खाली स्टँड लावा, दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेल्या चाकाच्या मधल्या एक्सल नटवर टॉर्क पाना (फिरवायला लागणारा जोर मोजणारा) लावून नट घट्ट होतो त्याच दिशेने सावकाश ओढा. पाना काट्याचा किंवा आकडा दाखवणारा हवा, 'टक' वाजणारा नको. चाक सरकायला लागतं आणि सावकाश फिरत राहतं तेव्हाचा आकडा लिहून घ्या. तीन वेळा करा, मग दुसऱ्या बाजूने करा. कारखान्यातून येणाऱ्या सौम्य एलएसडीला तो शंभर न्यूटन-मीटरच्या बराच खाली असतो, ट्रॅकसाठी बांधलेल्याला शंभरच्या वरही जातो. तुमच्या बनावटीचा मूळ आकडा बनवणाऱ्याकडून मागून घ्या. निम्म्याच्या खाली आला तर मी उघडतो. दोन्ही चाकं उचलून एक फिरवायचं आणि दुसरं कुठे फिरतं ते बघायचं, ही जुनी तऱ्हा फक्त डिफरन्शियल पार मेलंय का एवढंच सांगते. अर्धमेलं असलं तरी ते त्यात पास होतं.

एक खात्री मात्र आधी करा. कंपनीच्या ३७०झेडला मूळ एलएसडी यायचं ते व्हिस्कस, म्हणजे आत सिलिकॉनचं घट्ट द्रव असलेला सीलबंद डबा. आधीच्या मालकाने सांगितलं तरी प्लेटचंच बसवलं का, हे कागद नसल्याने पक्कं नाही. व्हिस्कस निघालं तर ते बांधता येत नाही, बदलावंच लागेल. पण कटकट होत होती म्हणता, त्यावरून प्लेटचंच वाटतं.

उघडल्यावर काय बघायचं तेही सांगतो, कारण वर्कशॉपवाल्याने "सगळं गेलं" म्हटलं तर तुम्हाला प्रश्न विचारता आले पाहिजेत. तेल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी लापशी असणारच, ती साहजिक आहे. तिच्यात बोटाला टोचणारा तुकडा असेल तर गोष्ट वेगळी, तो गिअर किंवा बेअरिंगचा असू शकतो. मग प्लेट. मागे एक प्लेट हातात आली होती, तिची कडा मोराच्या पिसासारखी निळी-जांभळी झाली होती आणि जळक्या तेलाचा वास दोन दिवस टेबलावरून गेला नाही. तो रंग म्हणजे ती एवढी तापली की पोलादाचा गुण बदलला. अशी प्लेट जाडीला बरोबर भरली तरी परत घालू नका. बाकीच्या मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा. मग केसच्या (प्लेट ज्यात बसतात त्या डब्याच्या) आतल्या उभ्या खाचा बघा, जिथे प्लेटांचे कान बसतात. त्या खाचांत कानांनी पायऱ्या पाडल्या असतील तर नवीन प्लेट तिथे अडकतील, मोकळ्या सरकणार नाहीत. पायरी नखाला लागते. शेवटी प्रेशर रिंगच्या उतारावर पिनने खड्डा पाडलाय का बघा. खाचा आणि उतार गुळगुळीत असतील तर तुमचं डिफरन्शियल फेकण्यासारखं नाही. प्लेट आणि बशी-स्प्रिंगा घाला आणि बांधा. ब्रेक पॅड संपले म्हणून कुणी कॅलिपर फेकत नाही. या प्लेटाही झिजण्यासाठीच केलेल्या आहेत. खाचांत खोल पायऱ्या असतील तर मात्र वर्कशॉपवाल्याचं म्हणणं बरोबर आहे.

क्राउन-पिनियनच्या, म्हणजे जोर मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या मोठ्या-लहान दातेरी चाकांच्या, जुळणीला हात लावू नका. तीच केस, तीच बेअरिंगं, तेच शिम (फट जुळवणाऱ्या पातळ चकत्या) त्याच बाजूला परत गेले तर दातांमधली फट साधारण तीच येते. तरी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून तपासाच. वडिलांची एक सवय मी कधी सोडली नाही: बेअरिंगच्या टोप्या काढण्याआधी पंचने खूण, डावीकडे एक ठिपका, उजवीकडे दोन, आणि तसेच ठिपके हौसिंगवर. या टोप्या हौसिंगबरोबरच भोक मारून केलेल्या असतात, अदलाबदल झाली की बेअरिंग जातंच. क्राउन केसवरून सोडवला तर त्याचे बोल्ट नवीन घ्या.

बांधताना माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली. कोइम्बतूरला पहिलंच डिफरन्शियल मी स्वतः बांधलं, घाईत प्लेट कोरड्याच बसवल्या, वाटलं तेल भरलं की पोचेल. पहिल्या सेशनमध्ये त्या खरवडून आल्या आणि गाडी चालवणाऱ्या मुलाचा पूर्ण वीकेंड माझ्यामुळे गेला. तेव्हापासून प्लेट रात्रभर त्याच तेलात बुडवून ठेवतो आणि एकेक निथळवून लावतो. दोन्ही बाजूंच्या थरांची जाडी सारखी करायला वेळ लागतो, तो द्या.

तेलाचं इथे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. ट्रकवाल्याच्या हिशोबाने कुणीही '९० नंबर' ओतून देतो. प्लेटच्या एलएसडीला बनवणाऱ्याने सांगितलेलं जीएल-५ प्रतीचं गिअर तेल घाला, ट्रॅकवाल्यांसाठी बहुधा ७५डब्ल्यू-१४० सारखं जाड असतं. घर्षण कमी करणारं औषध त्यात आधीच आहे की नाही, डब्यावर वाचा. ते जास्त झालं तर चांगल्या प्लेटही धरत नाहीत. डिफरन्शियलला ना रेडिएटर ना पंखा. भुसावळ-जळगावचा मे तुम्हाला माहीत आहे, पंचेचाळीसच्या पुढे. अशा दिवसांत सलग सेशन टाळा आणि दर दोन-तीन ट्रॅक दिवसांनी तेल बदला.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला कुणी सांगितली नसेल. ट्रॅक एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे एका बाजूचा टायर जास्त झिजतो. मग तुम्ही त्याच टायरांवर कोइम्बतूरहून जळगावला हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून येता. झिजलेलं चाक लहान, म्हणून ते प्रत्येक किलोमीटरला थोडं जास्त फिरतं, आणि तो फरक सरळ रस्त्यावरही सतत प्लेटांच्या माथी येतो. घरी पोचेपर्यंत दोन चाकांच्या फेऱ्यांत हजारोंचा फरक पडलेला असतो. परतीला मागे सारख्या झिजेचे टायर घाला. शक्य असेल तर गाडी ट्रेलरवर न्या. माझ्या मते तुमच्या प्लेटांचं बरंच आयुष्य ट्रॅकवर नाही, या परतीच्या रस्त्यावर गेलं.

बांधून झाल्यावर लगेच ट्रॅकवर नेऊ नका. मोकळं आवार बघून पंधरा-वीस मिनिटं हळूहळू इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा, गार होऊ द्या, पुन्हा फिरवा. कटकट ऐकू आली तर समाधान माना. मग ते तेल काढून टाका, नवीन भरा आणि टॉर्क पाना पुन्हा लावा. जो आकडा येईल तो, तारीख आणि किलोमीटर, पांढऱ्या पेंटने हौसिंगच्या झाकणावर लिहून ठेवा. उद्या ही गाडी तुमच्याकडून कुणी घेतली, तर त्याच्याकडे कागद नसले तरी तेवढं असेल.