ग्रुपमध्ये जाण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. डिस्कॉर्डवरच्या एका स्कॅनलेशन ग्रुपने, म्हणजे मांगाची (जपानी कॉमिक्सची) पानं स्कॅन करून त्यांचं परवानगीविना भाषांतर करणाऱ्या चाहत्यांच्या गटाने, तुला जपानीवरून इंग्रजी भाषांतरासाठी बोलावलंय, जपानीची एन३ ही मधल्या पातळीची परीक्षा नुकतीच झाली आहे आणि ‘सेन्सेई, जाऊ का?’ असं तू विचारतेस. तुझा हुरूप मला पुरता समजतो, कारण याच वाटेने मी या भाषेच्या आत शिरले. पण ज्या जगाने मला शिकवलं आणि ज्या जगात तू निघाली आहेस, ती दोन्ही आता एक राहिलेली नाहीत. म्हणून थोडं लांबून सांगते.

मांगाची पानं इंटरनेटवर फिरण्याआधी फक्त शब्द फिरत. चाहते एखाद्या खंडाचं पानवार, संवादाच्या फुग्यावार भाषांतर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवत. वाचणाऱ्याने जपानी पुस्तक स्वतः मिळवायचं आणि एक डोळा पुस्तकावर, एक कागदावर ठेवून वाचायचं. स्कॅनर आणि फोटोशॉप घरोघरी आले तसे १९९०च्या दशकाच्या अखेरीस ते शब्द थेट चित्रात बसू लागले. २००० साली सुरू झालेल्या ‘तोरियामाज वर्ल्ड’सारख्या ग्रुपांमुळे हा प्रकार मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोचला. भेटण्याची जागा म्हणजे आयआरसी या जुन्या चॅट-व्यवस्थेचे चॅनल. तिथल्या बॉटकडे (आपोआप फाइल देणाऱ्या प्रोग्रामकडे) फाइल मागायची, रांगेत नंबर लावायचा आणि वाट पाहायची. आपल्याकडच्या तेव्हाच्या कनेक्शनवर एक भाग उतरायला किती वेळ लागायचा, हे तुला आज सांगूनही पटणार नाही.

त्या ग्रुपांची रचना नीट समजून घे, कारण खरं मोल तिथे होतं. कोणीतरी जपानहून मासिक किंवा खंड मागवायचा, पाठीची शिवण कापून पानं सुटी करायचा आणि स्कॅन करायचा. स्वस्त कागदावरचा करडेपणा आणि मागच्या पानाची उमटलेली शाई क्लीनर काढायचा. फुग्याबाहेर, थेट चित्रावर लिहिलेले आवाज पुसले की खाली पडणारं भगदाड रीड्रॉवर भरायचा. कधी विटांची भिंत, कधी केसांच्या बटा पुन्हा काढाव्या लागत. भाषांतरकार मजकूर द्यायचा, प्रूफरीडर तो घासून घ्यायचा, टाइपसेटर फुग्यात बसवायचा आणि शेवटी क्वालिटी चेकवाला सगळं परत पाठवायचा. आत शिरायला चाचणी द्यावी लागे. माझं पहिलं काम एका अनोळखी प्रूफरीडरने जवळपास प्रत्येक ओळीवर शेरे मारून परत केलं होतं. हे पात्र मोठ्या भावाशी असं बोलेल का, इथे कर्ता गाळलाय तो नेमका कोण, हा टोमणा आहे की खरंच कौतुक आहे. वर्गात ज्याला वेळ मिळत नाही ते सगळं त्या शेऱ्यांत होतं. कोणालाही पैसे मिळत नव्हते. देणगी मागितली तर सर्व्हरसाठी आणि पुढचा खंड विकत घेण्यासाठी.

आणि एक सीमा होती. इंग्रजीत हक्क विकले गेल्याची बातमी आली की बरेच ग्रुप ती मालिका सोडत, आधीचे भागही काढून टाकत आणि वाचकांना ‘आता पुस्तक विकत घ्या’ म्हणून सांगत. सगळे हे पाळत नव्हते. कायद्याच्या नजरेत तर हक्क विकले जाण्याआधीचं कामही परवानगीविनाच होतं. तरीही कुठे थांबायचं हे त्या लोकांनी स्वतःचं स्वतः ठरवलं होतं आणि त्याला मी फार किंमत देते.

ही सीमा पुसली ती ब्राउझरमध्येच वाचायला देणाऱ्या साइटींनी. ग्रुपांनी केलेलं काम त्या गोळा करत, श्रेयाचं पान बरेचदा काढून टाकत आणि बाजूला जाहिराती लावत. वाचकाला फाइल उतरवण्याची खटपट उरली नाही, आणि हे काम कोण करतं हे कळायची वाटही उरली नाही. २०१०पर्यंत ‘वनमांगा’ ही साइट जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या हजार साइटींच्या गूगलच्या यादीत पोचली होती. त्याच वर्षी जूनमध्ये ३६ जपानी प्रकाशक आणि काही अमेरिकी प्रकाशक अशा साइटींविरुद्ध एकत्र आले. जुलैमध्ये वनमांगाने आपली पानं काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. तिच्या जागी दुसऱ्या आल्या, हे तू ओळखलंच असशील.

माझ्या मते खरं नुकसान वेगाने केलं. जपानमध्ये सोमवारी बाजारात येणाऱ्या मांगा साप्ताहिकाची पानं आधीच फुटायची आणि ती इंग्रजीत कोण पहिलं टाकतो याची शर्यत लागायची. पहिल्या आलेल्या भाषांतराला सगळे वाचक, दुसऱ्याला कोणी नाही. शर्यतीत सगळ्यात आधी कापला जातो तो प्रूफरीडर. रात्रभर जागून एकाच माणसाने मजकूर काढायचा, वाक्य अडलं तर अंदाजाने पुढे जायचं. ज्या शेऱ्यांनी मला घडवलं ते लिहायला मग कोणापाशीच वेळ राहिला नाही.

हे थोपवायचा प्रयत्न आतूनही झाला. ‘बाटोटो’ या वाचनाच्या साइटने ग्रुपांना त्यांच्या कामावर ताबा दिला. ते जानेवारी २०१८मध्ये बंद पडलं आणि त्याच महिन्यात चाहत्यांनी ‘मांगाडेक्स’ उभं केलं, जाहिरातींविना आणि अनेक भाषांत. मार्च २०२१मध्ये तिथे घुसखोरी झाली, तेव्हा साइट बंद ठेवून नव्याने बांधायचं काम स्वयंसेवकांनीच केलं. मे २०२५मध्ये प्रकाशकांच्या नोटिशींनंतर तिथून सातशेहून अधिक मालिकांचे भाग हटले. एवढी निष्ठेची माणसं ज्या पायावर उभी होती तो पाया मुळात त्यांचा नव्हता, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रकाशकांनाही शहाणपण हळूहळूच आलं. ‘जेमांगा’ हे जपानी प्रकाशकांचं एकत्रित दुकान २०११मध्ये उघडलं आणि २०१३मध्ये बंद झालं. पैसे मोजून घेतलेली पुस्तकंही वाचकांच्या हातून गेली. ‘डिजिटल मांगा गिल्ड’ने चाहत्यांच्या गटांनाच अधिकृत कामाला घेतलं, पण आगाऊ मोबदला न देता, विक्रीतल्या वाट्यावर. खरा पालट झाला तो डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०१९ या दोन महिन्यांत. आधी व्हिझ या अमेरिकी प्रकाशकाच्या ‘शोनेन जंप’ने जपानबरोबरच नवे भाग इंग्रजीत मोफत द्यायला सुरुवात केली आणि ते ज्या देशांत मिळू लागले त्यांच्या यादीत पहिल्यापासून भारत होता. मग शुएशा या मूळ जपानी प्रकाशकाचं ‘मांगा प्लस’ हे वाचनाचं अ‍ॅप आलं. त्यानंतर या मोठ्या साप्ताहिक मालिकांबाबत ‘आम्हाला मिळतच नाही, म्हणून’ असं म्हणायला जागा उरली नाही. जुन्या शोजो (मुलींसाठीच्या) मालिका, छोट्या प्रकाशकांच्या लेखिका, कोणी हक्क न घेतलेली प्रौढ वाचकांची मासिकं, यांच्याबाबत ती तक्रार अजून खरी आहे, आणि ती करणाऱ्यांचं दुःख मला कळतं.

दरम्यान जपानचा कायदाही कडक झाला. १ जानेवारी २०२१पासून बेकायदा चढवलेला मांगा जाणूनबुजून डाउनलोड करणं हाही तिथे गुन्हा ठरू शकतो. ‘मांगामुरा’ ही चोरट्या मांगाची साइट चालवणाऱ्याला २०२१मध्ये तीन वर्षांची कैद झाली, तर २०२४मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्याला प्रकाशकांना सुमारे १.७ अब्ज येन भरपाई द्यायला सांगितलं. ती साइट मूळ जपानी पानं जशीच्या तशी देणारी होती, तुझ्या ग्रुपसारखी नव्हती. तरी पुढे तुला याच प्रकाशकांच्या दारात काम मागायचं आहे, हे विसरू नकोस.

म्हणून माझं उत्तर: या ग्रुपमध्ये जाऊ नकोस. तू पाठवलेल्या यादीतल्या बहुतेक मालिका त्याच दिवशी अधिकृतपणे इंग्रजीत येतात, पुढचे भाग आधी वाचायला हा ग्रुप वाचकांकडून महिन्याचे पैसे घेतो, आणि प्रूफरीडरचं नाव मला कुठे दिसलं नाही. म्हणजे तुझं लिहिलेलं कोणी तपासणार नाही, मूळ चित्रकाराला काही मिळणार नाही आणि तुझ्या नावावरही काही जमा होणार नाही. यंत्राने काढलेला कच्चा मसुदा ‘सरळ’ करायचं काम ते देणार असतील, तर मुळीच जाऊ नकोस. २०२४मध्ये मांत्रा आणि ऑरेंज या जपानी कंपन्यांमध्ये मोठ्या प्रकाशकांनी आणि गुंतवणूकदारांनी यंत्रभाषांतरासाठी पैसा घातला. त्याच वर्षी जूनमध्ये जपानमधल्या भाषांतरकारांच्या संघटनेने त्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. त्या वादात तुला उद्या आपलं मत मांडता यायचं असेल, तर आज कान तयार व्हायला हवा, आणि यंत्राचं वाक्य पुढ्यात असलं की कान आळशी होतो.

सराव असा कर. ‘शोनेन जंप प्लस’ या शुएशाच्या जपानी साइटवर येणाऱ्या एखाद्या मालिकेचा नवा भाग जपानीत वाच. शोनेन (मुलांसाठीच्या) मांगात बहुतेक कांजींवर, म्हणजे चिनी चिन्हांवर, उच्चार दाखवणारी बारीक अक्षरं (फुरिगाना) असतात, तुला आत्ता तेच हवं. आपलं भाषांतर पूर्ण लिही आणि मगच मांगा प्लसवर तो भाग उघड. व्यावसायिकाने कुठे शब्द गाळले, कुठे फुगा हलका ठेवला, ते वहीत नोंदव. तुझं चुकलंच असेल असं नाही. काही ठिकाणी तुझं वाक्य सरस निघेल, तेही लिहून ठेव.

दुसरी जागा मला जास्त प्रिय आहे. १९९७पासून स्वयंसेवक चालवत असलेलं ‘आओझोरा बुन्को’ हे हक्कमुक्त साहित्याचं ग्रंथालय. तिथे एक जण मजकूर टंकतो, दुसरा तपासतो, आणि प्रत्येक कृतीच्या शेवटी दोघांची नावं छापलेली असतात. लेखक मियाझावा केन्जी १९३३मध्ये गेले, त्यांच्या गोष्टी तिथे आहेत आणि कोणाचीही परवानगी न मागता त्या मराठीत आणता येतात. मराठीत म्हणते आहे, इंग्रजीत नव्हे. मांगा प्लसच्या भाषांत मराठी नाही. थेट जपानीतून मराठीत आणणारे हात फार थोडे आहेत आणि पुण्यात जपानी शिकणारी मुलं तर पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

वर्गातले आणखी तिघे तुझ्याइतकेच मांगावेडे आहेत, त्यांना बरोबर घे. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मुळाशी ताडायचं, तिसऱ्याने जपानी न पाहता फक्त मराठी म्हणून वाचायचं, आणि दर गोष्टीला कामं बदलायची. केन्जींची एक छोटी गोष्ट निवडा आणि डिसेंबरच्या परीक्षेनंतर पहिला मसुदा मला पाठवा. शेरे मी लिहीन, सगळ्यांची नावं वर घालून.

तुझी,
सेन्सेई