फिशफाइंडर ऑनलाइन घ्यावा की दुकानातून? बोटीच्या इलेक्ट्रॉनिक्सला चांगली सर्व्हिस कोण देतं?

जो माणूस तुमच्या बोटीवर चढायला तयार असेल त्याच्याकडूनच घ्या, ऑनलाइन की दुकान हा प्रश्न नंतरचा. ऑनलाइन फिशफाइंडरचा सेट (पाण्याची खोली आणि मासे स्क्रीनवर दाखवणारी मशीन) आठ हजारांनी स्वस्त मिळतोय असं तुम्ही लिहिलंय ते वाचलं आणि राहवलं नाही, कारण ह्याच गोष्टीवरून आमच्या घरात तीन वर्षं वाद चालू आहे.

आमचा ट्रॉलर हर्णैला असतो, मी आणि दादा दोघंही स्वतः मासेमारीला जातो. जुना सेट बंद पडला तेव्हा बंदरातला वायरलेसवाला, म्हणजे बोटीची इलेक्ट्रॉनिक्स विकणारा-दुरुस्त करणारा, नवीन सेटचे मुंबईपेक्षा 6,000 जास्त सांगत होता, फिटिंग धरून. मी म्हणत होतो देऊया. दादा म्हणाला मशीन कुठनं पण घेतली तरी तीच, आणि मुंबईच्या एका मोठ्या दुकानातून घेऊन आला. दुकानदार म्हणाला जुनाच ट्रान्सड्यूसर (बोटीच्या बुडाला बसवलेला, पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून तळ शोधणारा भाग) चालेल, फक्त प्लग बदलायचा, आमचा पोरगा येऊन करेल, त्याचे 2,500 वेगळे.

पोरगा आला जुलैत. 1 जून ते 31 जुलै पावसाळी मासेमारी बंदी, बोट शाकारून किनाऱ्यावर. ट्रान्सड्यूसर पाण्यातच नाही तर तळ दिसणार कुठून? त्याने प्लग कापला, इंजिनरूममध्ये वायर जोडली, टेप गुंडाळली, स्क्रीन लागलेली दाखवली, 'फिटिंग ओके'वर दादाची सही घेतली आणि दुपारच्या एसटीने गेला. मी तेव्हाच बोललो होतो की बोट पाण्यात गेल्यावर बोलवूया, तर म्हणे एवढ्या लांब परत यायचा खर्च कोण देणार.

ऑगस्टच्या पहिल्याच फेरीत, 20 वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात, इंजिन स्लो असेपर्यंत तळाची लाल रेघ नीट दिसायची आणि रेस वाढवली की सगळी स्क्रीन ठिपक्यांनी भरायची, खोली 3 वाव. रात्री दोन वाजता बोट चालवणारे आमचे तांडेल काका इंजिन न्यूट्रल करून शिसं बांधलेली दोरी सोडून पाणी मोजत होते, नवाकोरा सेट समोर चालू असताना! बर्फ, डिझेल सगळं भरून गेलेलो, तिसऱ्या दिवशी परत फिरलो.

दुकानात फोन केला तर सेट पाठवा म्हणाले. 19 दिवसांनी परत आला, चिठ्ठीवर 'बिघाड आढळला नाही'. आढळणार कसा, बिघाड सेटमध्ये नव्हताच. मग म्हणे ट्रान्सड्यूसर तुमचा जुना, आमची जबाबदारी नाही. मग म्हणे खलाशांनी पाणी मारलं असेल. हे वाक्य मी विसरलेलो नाही. आमची पोरं तो सेट स्वतःच्या मोबाइलपेक्षा जपतात.

शेवटी बंदरातल्या त्याच वायरलेसवाल्याला हाक मारली, ज्याच्याकडून आम्ही सेट घेतला नव्हता. होडीतून आला, सेटकडे बघितलंही नाही, सरळ खाली उतरून टेप सोडली. आतल्या दोन तारा नुसत्या पिळून जोडलेल्या आणि वरची तांब्याची जाळी, जी इंजिनचा डिस्टर्बन्स अडवते, ती कापून तशीच सोडलेली. खारं पाणी लागून सगळं हिरवं पडलेलं. त्याने तेवढा तुकडा कापला, डाग देऊन जाळी जाळीला जोडली, वायर अल्टरनेटरच्या केबलपासून लांब बांधली. इंजिन फुल रेसला, रेघ स्वच्छ. 800 रुपये घेतले. वर सांगितलं की ह्या वायरीला जोड चालतच नाही, हे तात्पुरतं आहे, जूनमध्ये बोट वर आली की ट्रान्सड्यूसर अख्ख्या वायरसकट बदला. आणि तो बदलायला पण तोच आला.

दादा अजून म्हणतो की नशीब खराब होतं. नशिबाचा काय संबंध, पाण्यात टेस्ट न करता सही दिली हे कारण आहे.

तर तुम्ही विकणाऱ्याला आधीच विचारा की बोट पाण्यात गेल्यावर इंजिन फुल करून टेस्ट देणार का, आणि नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. जीएसटी बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, दुबईहून आणलेल्या स्वस्त सेटला इथे वॉरंटी मिळेल असं धरू नका. आणि 'धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही' असं कोणी तोंडावर फेकलं तर ऐकून घेऊ नका, आम्हालाही तेच ऐकवलं होतं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या कायद्यात बसते, तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, मुदत 2 वर्षं, हेल्पलाइन 1915. आम्ही लेखी नोटीस पाठवल्यावर फिटिंगचे 2,500 परत आले. फुकट गेलेल्या फेरीचं काही मिळालं नाही.

हां, नुसता हातातला जीपीएस घ्यायचा असेल तर ऑनलाइन घ्या, त्यात फिटिंग नाही. आणि माणसं ठेवून पाच-सहा बोटी चालवत असाल तर ते कायद्याचं वकिलाला विचारूनच करा.

गेल्या आठवड्यात व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरचा वायरलेस, बदलायचा विषय निघाला तर दादाने परत त्याच दुकानाचं नाव काढलं. तो हिरवा पडलेला तुकडा मी डब्यात ठेवलाय, काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. काही न बोलता जेवला. व्हीएचएफ बंदरातूनच घेतोय.