बुरीराम युनायटेड हा क्लब मूळचा बुरीरामचा आहे का आणि त्याच्या मैदानाचा इतिहास काय?

कागदोपत्री पाहिले तर नाही. आज थायलंडच्या फुटबॉलवर वर्चस्व गाजवणाऱ्या या क्लबची स्थापना १९७० साली तिथल्या प्रांतीय वीज प्राधिकरणाचा संघ म्हणून झाली. आपल्याकडे महिंद्र युनायटेड किंवा एअर इंडिया यांचे संघ जसे शहरापेक्षा आस्थापनेच्या नावाने ओळखले जात, तशीच त्या काळी थायलंडमध्येही बँका, लष्कर आणि सरकारी खात्यांच्या संघांची चलती होती. वीज खात्याच्या या संघाने २००८ साली देशाची लीग जिंकली, पण त्याच्यामागे हक्काचे असे गाव नव्हते. त्या सुमारास त्याचे घरचे सामने अयुथ्थया प्रांतात होत.

२००७ साली थाई राक थाई पक्ष विसर्जित झाला, तेव्हा त्याच्या शंभरहून अधिक नेत्यांवर पाच वर्षांची राजकीय बंदी आली. त्यांत बुरीरामचे वजनदार पुढारी नेविन चिदचोब हेही होते. निवडणुकीचे दरवाजे बंद झाल्यावर त्यांनी फुटबॉलकडे मोर्चा वळवला आणि २००९ च्या अखेरीस हा संघ ताब्यात घेऊन तो बँकॉकपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, ईशान्येकडील इसान भागातल्या आपल्या बुरीराम प्रांतात आणला. बुरीराम पीईए (पीईए म्हणजे प्रांतीय वीज प्राधिकरण) या नव्या नावाने संघाने २०१० मध्ये दुसरा क्रमांक पटकावला आणि २०११ मध्ये लीग, एफए चषक व लीग चषक अशी तिन्ही विजेतेपदे घेतली.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच काळात बुरीराम एफसी नावाचा दुसरा संघही होता. तो प्रादेशिक लीगमधून एकेक पायरी चढत २०११ मध्ये दुसऱ्या श्रेणीचा विजेता ठरला, म्हणजे वरच्या श्रेणीतली जागा त्याने खेळून कमावली होती. मात्र वीज प्राधिकरण बाजूला झाल्यावर २०१२ च्या हंगामासाठी आणलेला संघच ‘बुरीराम युनायटेड’ झाला आणि खालून वर आलेल्या संघाची जागा दक्षिणेतील सोंगखलाच्या क्लबकडे गेली. ‘बाहेरून आणलेला क्लब’ ही टीका खरी आहेच. पण त्यापायी गावचा म्हणता येईल असा संघ हातचा गेला, हे टीकाकारही सहसा बोलत नाहीत.

असे असूनही हा क्लब बुरीरामचाच मानला जातो, आणि त्याचे बरेचसे श्रेय मी मैदानाला देईन. सुरुवातीला सामने खाओ क्रदोंग स्टेडियममध्ये होत. खाओ क्रदोंग ही शहराजवळची टेकडी म्हणजे एक विझलेला ज्वालामुखी असून तिच्या माथ्यावर बुद्धाची भव्य मूर्ती आहे. २०११ मध्ये नवे स्टेडियम उभे राहिले. ते २५६ दिवसांत बांधून झाल्याचे क्लब अभिमानाने सांगतो. सुमारे ३२,६०० आसनांच्या या मैदानाचे आधीचे नाव आय-मोबाइल स्टेडियम होते, आता ते चांग अरेना आहे. थायलंडच्या प्रांतांमधल्या बहुतेक जुन्या मैदानांभोवती धावपट्टी असते आणि प्रेक्षक खेळापासून लांब पडतो. इथे धावपट्टीच नाही. चारही बाजूंचे स्टँड थेट सीमारेषेपाशी येतात, आणि कॉर्नर मारायला आलेल्या पाहुण्या खेळाडूला पाठीमागचा गोंगाट अगदी कानाशी ऐकू येतो. २०१२ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये जपानचा तत्कालीन विजेता काशिवा रेसोल याच मैदानावर ३-२ असा हरला. त्या वर्षी बुरीरामला गटातून पुढे जाता आले नाही, पण पुढच्याच वर्षी त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली.

क्लबच्या बोधचिन्हावर फनोम रुंगचे मंदिर आहे. हेही विझलेल्या ज्वालामुखीवरच बांधलेले ख्मेर शैलीचे शिवमंदिर. क्लबचे टोपणनाव ‘विजेचा प्रासाद’ असे आहे: प्रासाद या मंदिराचा आणि वीज, उघडच, जुन्या मालकांची.

मैदान पाहायला जाणार असाल तर बँकॉकहून रेल्वेने बुरीरामला उतरता येते. स्टेडियमला लागूनच २०१४ साली सुरू झालेला चांग आंतरराष्ट्रीय सर्किट हा शर्यतीचा मार्ग आहे. तिथे २०१८ पासून मोटोजीपी ही मोटरसायकलची शर्यत होते आणि त्या दिवसांत हॉटेलात खोली मिळणे मुश्कील असते, तेव्हा तारखा आधी पाहून घ्या. फनोम रुंग मात्र शहरापासून बरेच दक्षिणेला आहे; त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा लागेल.