वाचक विचारतात: कोंबड्या एकमेकींची पिसे का उपटतात?

प्रश्न: घरामागे ४० कोंबड्या आहेत. लेअरचे (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे) खाद्य महागले म्हणून त्यात निम्मा मक्याचा भरडा मिसळतो. आता त्या एकमेकींची पिसे उपटतात, शेपटीजवळ टोचून रक्त काढतात. चोची कापून घ्याव्यात का?
– एक वाचक, निफाड

उत्तर: चोचींना हात लावू नका, आधी मका थांबवा. लेअरच्या खाद्यात १७-१८ टक्के प्रथिने असतात, मक्यात जेमतेम ९. निम्मे-निम्मे केले की १३ च्या आसपास येतात. शिवाय मक्यात मेथिओनिन कमी. पिसे घडायला हेच गंधकयुक्त अमिनो आम्ल लागते. ते कमी पडले की पिसे विरळ होतात आणि उघडी कातडी टोचायला आयतीच सापडते. मक्यात सोडियम नावालाच, म्हणजे मीठही निम्म्यावर आले. मिठाला आसुसलेल्या कोंबडीला रक्ताची चव लागली की ती आवरत नाही. कॅल्शियमचेही तेच, टरफले पातळ झाली असतील तर नवल नाही.

पाच-सहा दिवसांत मका कमी करत पूर्ण लेअर खाद्यावर या. द्यायचाच असेल तर संध्याकाळी कोंबडीमागे १० ग्रॅम, म्हणजे सगळ्यांत मिळून ४०० ग्रॅम, गादीवर (खुराड्यात जमिनीवर अंथरलेल्या भुशावर) पसरून टाका. उकरण्यात त्या गुंततात. खाद्य घरीच बनवणार असाल तर १०० किलोला ३०० ग्रॅम मीठ, बारीक करून नीट मिसळलेले. जास्त पडले की पातळ हगवण आणि ओली गादी ठरलेली.

भांडे तपासा. दांडग्या कोंबड्या मक्याचे कण वेचतात आणि मीठ-जीवनसत्त्वांची भुकटी तळाला राहते. म्हणून दुपारी भांडे रिकामे होऊ द्या, मगच पुन्हा भरा. कोंबडीमागे १० सेंटिमीटर जागा हवी: दोन्ही बाजूंनी खाता येणारी, मीटरभर लांबीची दोन भांडी पुरतील.

तंतुमय खाद्य म्हणून लसूणघासाच्या जुड्या डोक्याच्या उंचीवर टांगा, कोबीची पानेही चालतील. द्राक्षबागेतला छाटणीचा पाला मात्र नको, फवारणीचे औषध त्यावर असते.

रक्त निघालेली कोंबडी त्याच दिवशी वेगळी करा. जखम भरल्यावर रात्री परत सोडा. टोचायची सवय लागलेल्या एक-दोघी खाद्य सुधारले तरी ऐकत नाहीत. त्या हुडकून बाजूला काढा. पिसांच्या बुडाशी उवा आहेत का, तेही बघा.

प्रश्न: सप्तशृंगगडावर माकडे अंगावर येतात. गोड खाऊन ती चिडकी होतात का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: गोडापेक्षा ढीग हे कारण मोठे. रानातला पाला-फळे विखुरलेली असतात, त्यावर कुणाला कब्जा करता येत नाही. शेंगदाणे, केळी, पेढे एका जागी पडले की दांडगे नर ते राखतात आणि बाकीच्यांशी भांडण जुंपते. माणसाच्या हातात खाऊ असतो हे शिकलेले माकड रिकामी पिशवीही ओढते. काही देऊ नका. खाऊ बंद पिशवीत ठेवा, ती हातात मिरवू नका.