मचाण नको, जमीनच बरी: वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांचे आहेत. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे खालचं सगळं तिकडच्या परवान्यांपुरतं आणि तिकडच्या हंगामांपुरतंच समजावं.

प्रश्न : गुडघ्यांमुळे मचाणावर चढणं सोडलं आणि पॉप-अप ब्लाइंड (आत लपून बसायचा घडीचा तंबू) घेतला. हरणं येतात, पण साठ यार्डांवरच थबकतात, मान वर करून तंबूकडे टक लावतात आणि माघारी फिरतात. वास येत असेल का? (पेनसिल्व्हेनिया)

बहुधा नाही. वास आलेलं हरीण बघत उभं राहत नाही. ते नाकातून जोरात फुत्कारतं, शेपटी उभारतं आणि सुटतं. थबकून टक लावणारं हरीण म्हणजे त्याच्या नेहमीच्या वाटेवर काल नसलेली वस्तू आज आहे. व्हाइटटेलला (तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला) आपल्या भागातलं प्रत्येक झुडूप पाठ असतं.

ब्लाइंड हंगामाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी लावून ठेवा. सार्वजनिक जंगलात तो रात्रभर ठेवू देतात का, हे राज्याच्या नियमपुस्तिकेत आधी बघा. उघड्यावर लावू नका. मागे दाट झाडी किंवा पडलेलं खोड हवं, कारण समोरच्या आडोशापेक्षा पाठीमागची काळोखी जास्त कामाची. मग आजूबाजूच्याच फांद्या आणि सुकं गवत लावून छताची सरळ रेघ मोडा. चौकोनी कडा हीच मुख्य खूण असते. हिरव्या फांद्या आठवड्यात सुकून तपकिरी होतात, म्हणून शिकारीच्या आदल्या फेरीत त्या बदला. चारी कोपऱ्यांना खुंट्या आणि बाजूंना ताणदोर हवेतच. नाहीतर कापड वाऱ्यात फडफडतं आणि तेवढंही पुरतं.

आत बसल्यावर फक्त लागणाऱ्या खिडक्या उघडा. समोरासमोरच्या दोन उघडल्या की मागून उजेड येतो आणि तुमची आकृती पडद्यावरच्या सावलीसारखी दिसते. खुर्ची मागच्या भिंतीकडे सरकवा आणि वरचे कपडे, हातमोजे काळे घाला. हंगामात इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून भडक नारिंगी कपडे सक्तीचे असतील तर तो नियम आधी. हरणाला नारिंगी फिकी दिसते, पण निळा आणि अतिनील भाग चांगला दिसतो. म्हणून कपडे चकाकी देणाऱ्या साबणात धुऊ नका. पायाखालची पानं मातीपर्यंत साफ करा.

दिसण्याचा प्रश्न सुटला की वाऱ्याचा सुरू होतो, आणि मचाण सोडल्याचा खरा दंड तिथेच आहे. वीस फूट उंचावर बसलेल्याचा वास बराचसा डोक्यावरून निघून जातो. जमिनीवर तो थेट हरणाच्या नाकाच्या उंचीवर वाहतो. वारा हरणाच्या वाटेकडून तुमच्याकडे हवा, किंवा आडवा. आडवा असेल तर तुमचा वास जिथे जाईल तिथे नदी, रस्ता किंवा मोकळं शेत असावं, हरणांचा राबता नसावा. डोंगरउतारावर आणखी एक भानगड असते. ऊन तापलं की हवा वर चढते, तेव्हा वाटेच्या वरच्या बाजूला बसायचं. संध्याकाळी हवा थंड होऊन खाली ओघळते, तेव्हा खालच्या बाजूला. सकाळी गोंधळ असा होतो की सूर्य उगवला तरी काही काळ हवा खालीच वाहत असते आणि मग अचानक उलटते. खिशात बिनवासाच्या पावडरची बाटली ठेवा आणि अधूनमधून चिमूटभर उडवून बघा. वारा चुकीचा असेल त्या दिवशी त्या ब्लाइंडमध्ये जाऊच नका. एक खराब बैठक पुढचे कित्येक दिवस बिघडवते.

प्रश्न : अंगणात सराव करताना बाण नेमका लागतो, ब्लाइंडमधून मात्र पहिल्याच बाणाने खिडकीची कड फाडली. (मिशिगन)

डोळा साइटच्या पिनमधून (धनुष्यावरच्या नेम धरायच्या खुणेतून) बघतो, बाण मात्र त्याच्या दोन-तीन इंच खालून निघतो. पिनला हरीण मोकळं दिसतं आणि बाणासमोर कापड असतं. धनुष्य ताणल्यावर सोबत्याला बाणाच्या रेषेत बघायला सांगा. खिडकीची खालची कड बाणाच्या किमान चार-पाच इंच खाली असावी.

दुसरी अडचण खुर्चीची. ती बुटकी असली की कंपाउंड धनुष्याचं (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचं) खालचं टोक जमिनीला किंवा मांडीला लागतं. खिडकीची जाळी ठेवून बाण मारायचा असेल तर स्थिर पात्यांचंच टोक वापरा. उघडणाऱ्या पात्यांची टोकं जाळीतच उघडतात आणि बाण भरकटतो. शक्य असेल तर जाळी काढूनच टाका. हंगामाआधीचा सराव खुर्चीत बसून, तेच जाड कपडे घालून, ब्लाइंडमध्येच करा. पंधरा ते वीस यार्डांवर, हरीण आडवं किंवा किंचित पलीकडे वळलेलं असताना, पुढच्या पायाच्या लगत मागे आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर नेम धरा. समोरासमोर उभं असेल तर थांबा.

प्रश्न : जमिनीवरून रायफल वापरताना वेगळी काळजी कोणती? (विस्कॉन्सिन)

मचाणावरून सुटलेली गोळी खाली उतरत थोड्या अंतरात मातीत शिरते. जमिनीवरून ती आडवी जाते आणि हरणाला भेदून किंवा चुकून पुढे कुठवर जाईल याचा भरवसा नसतो. ब्लाइंडची जागा ठरवतानाच मागे टेकडी किंवा बांध बघा. प्रत्येक खिडकीतून ‘इकडे मारायचं नाही’ अशा दिशा ठरवा आणि तिथे काठ्या रोवा. पहाटेच्या अंधुक उजेडात, हरीण समोर असताना, ते आठवत नाही.

उलट बाजूही आहे: ब्लाइंड तुम्हाला इतर शिकाऱ्यांपासूनही लपवतो. तुमच्याकडे राज्याच्या सरकारी जमिनीवर, बंदुकीच्या हरीण-हंगामात, ब्लाइंडवर चारी बाजूंनी दिसेल असं किमान १४४ चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड लागतं. खासगी जमिनीवरही लावा. अंगावरचं नारिंगी वेगळं, ते राहतंच.

प्रश्न : वसंतातल्या टर्की पक्ष्याच्या शिकारीसाठीही ब्लाइंड लागतो का? (पेनसिल्व्हेनिया)

लागतोच असं नाही. टर्कीचं नाक कामाचं नाही, डोळे मात्र हरणापेक्षा कैक पटींनी तेज आणि रंग ओळखणारे. गंमत म्हणजे आदल्या रात्री लावलेल्या तंबूला टर्की भीक घालत नाही, पण बोट हललेलं तिला दिसतं. मुलांना सोबत नेणार असाल, किंवा धनुष्य वापरणार असाल, तर ब्लाइंड घ्या. बंदुकीसाठी चांगलं झाड पुरतं. झाड खांद्यांपेक्षा रुंद हवं, म्हणजे पाठही झाकते आणि तुम्ही काढलेल्या टर्कीच्या आवाजाच्या मागे येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्यापासून संरक्षणही होतं. उजव्या हाताने चालवणाऱ्यांनी डावा खांदा अपेक्षित दिशेला करून बसावं. बंदूक गुडघ्यावर आधीच टेकलेली असावी. हलवायची ती नराचं डोकं झाडाआड गेल्यावर.

लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर कुठेही नकोत, मोज्यातही नाही. नराचं डोकं याच रंगांचं असतं. नकली पक्षी पंधरा-वीस यार्डांवर मांडा आणि ने-आण करताना पिशवीत पूर्ण झाकून ठेवा. टर्कीचा आवाज ऐकू आला म्हणून त्याच्या दिशेने सरपटत जाऊ नका, तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो.

छर्ऱ्यांचा पसारा आधी कागदावर तपासा. चाळीस यार्डांवर दहा इंचांच्या वर्तुळात शंभराच्या आसपास छर्रे बसत नसतील तर चोक (छर्रे एकत्र ठेवायला बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी बसवतात तो भाग) किंवा काडतूस बदला, नाहीतर जवळूनच मारा. नेम मानेवर, पिसं संपतात तिथे.

प्रश्न : एच-१बी व्हिसावर बंदूक बाळगता येते का? (टेक्सास)

एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसांवर केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. वैध शिकार-परवाना असेल तर मात्र अपवाद मिळतो. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक घरात राहिली, की अपवाद गेला. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. राज्याचे नियम आणखी कडक असू शकतात, म्हणून खरेदीआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. धनुष्य या कायद्यात बंदूक धरलं जात नाही.

प्रश्न : जमिनीवर बसायचं तर गोचिडींचं काय? (न्यू जर्सी)

लाइम रोग पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीची पिल्लं वसंताच्या शेवटी, नेमकी टर्कीच्या दिवसांत वाढू लागतात. ती खसखशीएवढी असतात, अंगावर सहज दिसत नाहीत. ०.५ टक्के पर्मेथ्रिन कपड्यांवर आणि बुटांवर आदल्या दिवशी बाहेर मोकळ्या हवेत फवारा आणि पूर्ण वाळू द्या. कातडीवर लावायचं नाही. ओलं असताना ते मांजरांना घातक असतं, तेव्हा कपडे घरात वाळत घालू नका. परतल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांमागची बाजू आणि केसांची मुळं तपासा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, नेलपॉलिश असले प्रयोग नकोत.