दुडकी, रवाल आणि शेजारी कॅसिनो

न्यूयॉर्क शहराला उत्तरेकडून लागून असलेल्या यॉन्कर्समध्ये घोडागाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक आहे, आणि त्याला चिकटूनच एम्पायर सिटी कॅसिनो. तिथे जाऊन आलेल्या आणि जाण्याच्या विचारात असलेल्या वाचकांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

महालक्ष्मीच्या शर्यती पाहिल्या आहेत. इथे जॉकी पाठीवर नसून मागच्या दोनचाकीत बसतो, आणि घोडा जोरात सुटला की त्यालाच आवरतो! असं का?

कारण इथे चाल ठरलेली असते. त्या चालीत जो सगळ्यांत वेगवान, तो जिंकतो. दोन चाली आहेत. ट्रॉट म्हणजे आपली दुडकी: पुढचा उजवा पाय आणि मागचा डावा पाय एकदम पडतात, मग उरलेली जोडी. पेसमध्ये एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रवाल चाल पाहिली असेल, तर पेस तिच्या जवळचा म्हणता येईल. फक्त रवालात स्वाराचं अंग हलू नये यावर सगळं कसब असतं, पेसमध्ये घोडा डावी-उजवीकडे झुलत जातो. ट्रॉटरांच्या शर्यती वेगळ्या आणि पेसरांच्या वेगळ्या असतात.

घोडा चौखूर सुटला की त्याला ‘ब्रेक’ म्हणतात. नियम असा: बाहेरच्या बाजूला मोकळी जागा असेल तर ड्रायव्हरने घोडा ताबडतोब तिकडे काढायचा, लगाम ओढून चालीवर आणायचा, आणि हे करताना तो मागे पडलाच पाहिजे. चौखूर असतानाच शेवटची रेषा ओलांडली आणि चालीत असलेल्या मागच्या घोड्याचं नाक त्याच्या पुठ्ठ्यापर्यंत आलेलं असलं, तर निकालात त्याला त्या घोड्याच्या खाली टाकतात. वरचेवर ब्रेक करणाऱ्या घोड्याला सट्टा न लागणारी पात्रता शर्यत ठरलेल्या वेळेत, चाल न मोडता पुरी करावी लागते. त्याशिवाय पुढची शर्यत नाही.

जातीचं नाव स्टँडर्डब्रेड, तेही घड्याळावरून पडलं. १८७९ मध्ये नोंदणीसाठी मैलाला २ मिनिटं ३० सेकंद हे प्रमाण ठरवलं गेलं. वंशावळ बहुतेक सगळी हॅम्बल्टोनियन या १८४९ सालच्या घोड्यापाशी पोचते, आणि त्याच्यामार्फत १७८८ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आणलेल्या मेसेंजरपाशी. आज चांगले पेसर १ मिनिट ५० सेकंदांच्या आत येतात. २०२२ मध्ये बुलडॉग हॅनोव्हरने न्यू जर्सीच्या मेडोलँड्सवर १ मिनिट ४५ ४/५ सेकंदांत मैल मारला. मेडोलँड्सचा ट्रॅक एक मैलाचा आहे, हे लक्षात ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

पेसरच्या पायांत पट्ट्यांचे फास दिसतात. घोडा पडावा म्हणूनच जणू बांधलेत!

उलट, पडू नये म्हणून. त्यांना हॉपल म्हणतात. एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या पायात एकेक कडं असतं, ती दोन्ही पट्ट्याने जोडलेली असतात आणि वरून दोऱ्यांनी टांगलेली असतात. एका बाजूचे पाय बरोबर हलले तर पट्टा आड येत नाही, चौखूर सुटायला गेला की अडतो. लांबी इंचांत मोजतात, बहुतेक घोड्यांना पंचावन्न ते साठच्या आसपास लागते, आणि ती नोंदवलेली असते. ट्रेनरने आपल्या मर्जीने बदलायची नाही. आखूड झाली तर पाऊल तोकडं पडतं आणि मांडीच्या आतली कातडी सोलवटते. सैल झाली तर नेमकं वळणावर, जिथे घोडा दमलेला असतो, तिथे चाल तुटते. घोडा वाढीच्या वयात असला तर मोसमात इंच-दोन इंच सोडावी लागते.

डोक्यावरून मागे जाणारी ओव्हरचेक दोरीही अशीच. मान उंच राहिली की तोल राहतो, पण जास्त ताणली तर श्वास कोंडतो. घोडा शेवटच्या पाव मैलात घशातून आवाज काढत मंदावला, तर आधी ही दोरी तपासावी, मग फुप्फुसं.

आतल्या बाजूचा घोडा जिंकतो, असं सगळे सांगतात. यात तथ्य किती?

यॉन्कर्सवर बरंच. ट्रॅक अर्ध्या मैलाचा आहे, म्हणजे सुमारे ८०५ मीटर. एका मैलासाठी दोन फेऱ्या आणि चार वळणं. आता हिशोब करा. बाहेरचा घोडा आतल्याच्या दोन मीटर बाहेरून वळला, तर एका अर्धवर्तुळाकार वळणाला दोन गुणिले ३.१४, म्हणजे सव्वासहा मीटर जास्त धावतो. १ मिनिट ५३ सेकंदांच्या मैलाला वेग सेकंदाला सव्वाचौदा मीटर पडतो. म्हणजे एका वळणाला जवळपास अर्धा सेकंद गेला, म्हणजे अडीच घोड्यांचं अंतर. तीन वळणं कोणी बाहेर अडकून राहिलं, तर तो घोडा कितीही चांगला असो, जिंकणं अवघड. मैलाच्या ट्रॅकवर वळणं दोनच आणि शेवटचा सरळ पट्टा लांब, त्यामुळे मागून येणाऱ्याला संधी राहते. अर्ध्या मैलावरची वेळ मैलाच्या ट्रॅकवरच्या वेळेशी थेट ताडून पाहू नये, ते याचसाठी.

सुरुवात धावत्या गाडीमागून होते. मोटारीच्या मागे दोन पंख उघडतात, त्यांना नाकं लावून आठ घोडे चालतात; स्टार्टर मागे तोंड करून बसलेला. पहिल्या २०० मीटरला गाडीचा वेग ताशी १८ किलोमीटरच्या खाली जायचा नाही, पुढच्या १०० मीटरला २९ च्या, आणि मग रेषेपर्यंत वाढत जायचं. रेषेवर पंख मिटतात आणि गाडी बाजूला पळते. १९४६ मध्ये लाँग आयलंडच्या रूझवेल्ट रेसवेवर हे फाटक आलं. त्याआधी सुरुवात पुन्हा पुन्हा रद्द व्हायची आणि प्रेक्षक कंटाळून जायचे. आताही अपघात झाला, साज तुटला किंवा कोणी दुसऱ्याच्या आड आला, तर घोडे परत बोलावतात. पण कोणी नुसता ब्रेक केला, तर शर्यत थांबत नाही.

कार्यक्रमपत्रिकेतले ‘२७.३ ५६.१ १:२४.४ १:५३.२’ हे आकडे कसे वाचायचे?

टिंबानंतरचा आकडा दशांश नव्हे, पाचांश आहे. १:५३.२ म्हणजे १ मिनिट ५३ आणि २/५ सेकंद. हे चार आकडे पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण मैलाला आघाडीच्या घोड्याची वेळ सांगतात; तुमच्या घोड्याची वेळ वेगळ्या रकान्यात असते. जागेच्या आकड्याजवळ बारीक गोल असेल तर त्या टप्प्यात घोडा बाहेरून धावत होता. ‘एक्स’ म्हणजे ब्रेक. त्याच्या आधी ‘आय’ असेल तर दुसऱ्याच्या अडथळ्यामुळे झालेला ब्रेक, म्हणजे दोष त्याचा नाही. दोन गोल आणि पाचवा क्रमांक अशी ओळ दिसली आणि या वेळी तोच घोडा पहिल्या-दुसऱ्या जागेवरून सुटणार असला, तर त्याच्याकडे लक्ष द्या. नुसता पाचवा क्रमांक बघून पान उलटणारे पुष्कळ असतात.

तिकीट काढलं तेव्हा भाव ४ ला १ होता, घोडे पळू लागल्यावर ५ ला २ झाला. ही लबाडी नाही?

नाही. टोटची, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याची, पद्धतच तशी. तुम्ही क्लबाविरुद्ध नव्हे, बाकीच्या पंटरांविरुद्ध खेळता. समजा ‘विन’च्या, म्हणजे पहिल्या येणाऱ्या घोड्यावरच्या, पूलमध्ये १०,००० डॉलर जमले आणि कपात १६ टक्के. उरले ८,४००. तुमच्या घोड्यावर २,९०० लागले असतील तर डॉलरला २ डॉलर ८९ सेंट यायला हवेत. पण दहा सेंटांच्या खालचं कापतात, म्हणजे २.८०. दोन डॉलरच्या तिकिटाला ५.६० मिळाले आणि १९ सेंट तिथेच राहिले. भाव पालटतो कारण इतर ट्रॅकांवरचं आणि फोनवरचं पैसे लावणं शेवटच्या सेकंदांत एकदम येतं आणि गोळा होऊन फळ्यावर पडेपर्यंत शर्यत सुटलेली असते. सट्टा मात्र घोडे सुटण्यापूर्वीच बंद झालेला असतो. छोट्या पूलमध्ये एका मोठ्या तिकिटानेही भाव कोसळतो, म्हणून ऐन वेळेचा भाव बघून ठरवायचं असेल, तर तो आणखी घसरेल हे धरून चालावं.

शर्यत आणि कॅसिनो एका आवारात कसे आले?

हा ट्रॅक १८९९ मध्ये विल्यम क्लार्क यांनी घोडागाड्यांसाठीच बांधला होता. ते १९०० मध्ये वारले. पुढे किराणा दुकानांची साखळी असलेल्या जेम्स बटलर यांनी तो घेतला आणि १९०७ पासून तिथे थरोब्रेड, म्हणजे पाठीवरच्या जॉकीच्या शर्यती घेतल्या. त्या १९४२ पर्यंत चालल्या. १९५० मध्ये विल्यम केन यांच्या गटाने घेऊन पुन्हा घोडागाड्या आणल्या, नाव यॉन्कर्स रेसवे. रूझवेल्टने १९४० मध्ये दिव्याखालच्या रात्रीच्या शर्यती लोकप्रिय केल्या होत्या, त्या लाटेवर हा ट्रॅकही चालला. १९५३ मध्ये ट्रॅकवरच्या कामगार संघटनेच्या पुढाऱ्याचा खून झाल्यावर राज्याने सगळ्या हार्नेस, म्हणजे घोडागाड्यांच्या, ट्रॅकांची चौकशी केली, तेव्हा पैसा कुठे कुठे मुरत होता ते बाहेर आलं. १९७२ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या मालक रूनी घराण्याने तो विकत घेतला.

वेळ चुकली होती. १९६७ मध्ये राज्याची लॉटरी आली, १९७१ मध्ये न्यूयॉर्क शहरात शर्यतीच्या सट्ट्याचं तिकीट ट्रॅकबाहेर मिळू लागलं, १९७८ मध्ये अटलांटिक सिटीला कॅसिनो उघडले. ट्रॅकवर यायचं कारणच उरलं नाही. रूझवेल्ट १९८८ मध्ये बंद पडलं. यॉन्कर्स तगलं ते यंत्रांवर: २००१ च्या कायद्याने ट्रॅकांना व्हिडिओ लॉटरीची परवानगी दिली, आणि इथे ती ऑक्टोबर २००६ मध्ये सुरू झाली. जानेवारी २०१९ मध्ये एमजीएम या कॅसिनो कंपनीने ८५ कोटी डॉलरला सगळं विकत घेतलं.

ती यंत्रं आणि गोव्यातली स्लॉट मशिन एकच ना?

दिसायला एकच, कायद्याने नाही. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत व्यावसायिक कॅसिनोला बंदी होती, शिक्षणासाठीच्या राज्य लॉटरीला परवानगी होती. म्हणून यंत्राला ‘व्हिडिओ लॉटरी टर्मिनल’ म्हटलं, ते राज्याच्या मध्यवर्ती यंत्रणेला जोडलं, आणि उत्पन्नाचा मोठा वाटा शिक्षणाकडे वळवला. टेबलावर पत्ते वाटणारा माणूस म्हणूनच दिसत नाही, रूले वगैरे खेळ पडद्यावर असतात. २०१३ च्या घटनादुरुस्तीने पूर्ण कॅसिनोंना वाट मोकळी झाली, पण त्यासाठी वेगळा परवाना लागतो. यॉन्कर्ससाठी केलेला अर्ज एमजीएमने ऑक्टोबर २०२५ मध्ये मागे घेतला.

उत्पन्नाचा एक हिस्सा शर्यतीच्या बक्षिसांना जातो, आणि हाच त्या ट्रॅकचा खरा आधार आहे. साधारणपणे बक्षिसाचे ५०, २५, १२, ८ आणि ५ टक्के पहिल्या पाच घोड्यांना मिळतात. त्यातले ड्रायव्हरचे ५ आणि ट्रेनरचे ५. शर्यतीवरच्या सट्ट्यातून हे उभं राहिलं नसतं. स्टँडमध्ये मोजकी माणसं आणि तरीही भरघोस बक्षीस, हे कोडं तिथे सुटतं.

मग कॅसिनोवाले घोडे ठेवतातच कशाला?

कायद्याने शर्यत आणि यंत्रं एकमेकांना बांधली आहेत म्हणून. फ्लोरिडाने २०२१ मध्ये हा धागा सोडला. १९६४ पासून चाललेल्या पॉम्पानो पार्कवर एप्रिल २०२२ मध्ये शेवटची शर्यत झाली, कॅसिनो मात्र चालूच राहिला. ट्रॅकची जमीन मोक्याची असते. घोडेवाल्यांचं खरं भांडण तिथे आहे.

घोड्यांना औषधं देतात का?

देतात, आणि पकडतातही. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय वकिलांनी थरोब्रेड आणि हार्नेस अशा दोन्हीकडच्या ट्रेनर-डॉक्टरांवर खटले भरले. जुना प्रकार ‘मिल्कशेक’: खाण्याचा सोडा आणि साखर पाण्यात कालवून नाकातल्या नळीने पोटात घालायची, म्हणजे स्नायूंतलं आम्ल उशिरा जाणवतं. त्यासाठी शर्यतीपूर्वी रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात, मर्यादा लिटरला ३७ मिलिमोल. फ्युरोसेमाइड घेणाऱ्या घोड्याला ३९, कारण त्या औषधाने आकडा मुळातच चढतो.

शर्यत संपल्यावर तासभर यंत्रावर बसलो तर किती जाईल?

कायद्यानुसार यंत्रांनी लावलेल्या पैशांच्या सरासरी ९० टक्क्यांहून कमी परत देता कामा नये. हे ‘९० टक्के’ तुमच्या खिशातल्या रकमेचे नाहीत, प्रत्येक डावाचे आहेत. डॉलरला एक डाव आणि तासाला ६०० डाव धरले तर ६०० डॉलर फिरतात, त्यातले सरासरी ६० जातात. १०० डॉलर घेऊन बसणाऱ्याला ते दीड-दोन तास पुरतात. शर्यतीवर दोन डॉलरचं तिकीट, रात्रीच्या दहा-बारा शर्यती, १६ टक्के कपात: सरासरी नुकसान चार डॉलरच्या आत.